बांबूचा धनी कोण?

वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात बांबू हे गवत आहे. गहू, ऊस, ज्वारी यांचे जे कूळ, तेच बांबूचे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात सर्वांत जास्त आढळतो तो मानवेल, आतून जवळजवळ भरीव आणि काटक. नदीनाल्यांच्या काठाने कटांग वाढतो, तो जाड, पोकळ आणि काटेरी. दोन्हींची बेटे जमिनीखालच्या कंदांवर जगतात. पावसाळा लागला की कंदातून नवे कोंब वर येतात. इथली माणसे त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. जो कोंब वाचतो तो काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढची वर्षे तो उंचीने वाढत नाही, फक्त आतून टणक होतो. जुने बांबू काढले, कोवळे राखले आणि कंदाला धक्का लावला नाही, तर तेच बेट पिढीभर उत्पन्न देत राहते.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र दुसऱ्या कलमातल्या ‘झाड’ या व्याख्येत ताडाबरोबर बांबूलाही बसवले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या व्याख्येने दोन जिल्ह्यांच्या अर्थव्यवस्थेचे रूप ठरवले. झाड म्हटले की त्याचे खोड इमारती लाकूड ठरते, आणि जंगलातल्या इमारती लाकडाचा धनी सरकार. बांबू तोडायला, वाहून न्यायला, विकायला, प्रत्येक पायरीवर वनखात्याची परवानगी लागू लागली. बांबूच्या राशीत ज्यांची घरे आहेत त्या माणसांना कुंपणाच्या काठीसाठी गार्डाचा धाक बाळगावा लागला.

ही मालकी सरकारकडे गेली ती वसाहतकाळात. १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ चा पहिला वन कायदा अपुरा वाटला म्हणून १८७८ चा कडक कायदा आला. तो होण्याआधी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला होता. गावांचे जंगलावरचे हक्क खरे आहेत, गावासाठी वेगळी वने राखावीत, असे ब्रँडिसचे म्हणणे होते. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याच्या मते गावकऱ्यांना हक्क असे नव्हतेच, सत्ताधीशाने दिलेल्या सवलती होत्या आणि सत्ताधीशाला त्या काढून घेता येत होत्या. कायदा झाला तो दुसऱ्या मताचा. पुढे १९२७ च्या कायद्यात ‘ग्रामवन’ हे कलम राहिले, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिले.

महाराष्ट्रात या व्यवस्थेवर फार लवकर बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी धर्माच्या नावावर शेतकऱ्याकडून उकळल्या जाणाऱ्या दक्षिणा आणि सरकारी खात्यांची वसुली यांची एकत्र मांडणी केली. डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावरची त्यांची टीका याच मांडणीत येते. भटशाही आणि नोकरशाही ही त्यांच्या लेखी एकाच कष्टकऱ्याला दोन बाजूंनी नागवणारी सत्ता होती. पुढच्या काळात या दोन टीका वेगळ्या झाल्या. धर्मचिकित्सा एका चळवळीकडे गेली, सरकारी नियंत्रणाची चिकित्सा दुसरीकडे, आणि दोघींची भेट क्वचितच झाली. चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास समजून घेताना मात्र फुल्यांची ती जुनी जोड फार उपयोगी पडते.

चांदा (म्हणजे आताचा चंद्रपूर) जिल्ह्याच्या पूर्वेकडचा मोठा मुलूख जमीनदाऱ्यांत होता आणि त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातल्या मालगुजाऱ्या आणि जमीनदाऱ्या संपल्या (हा भाग तेव्हा त्या राज्यात होता) आणि त्यांची जंगले सरकारजमा झाली. गावकऱ्यांचे घरगुती वापराचे हक्क निस्तारपत्रकात नोंदवले गेले. जळण, चराई, घराचे लाकूड, कुंपणाचा बांबू हे सारे निस्तारात येत होते. पण निस्तार म्हणजे वापरण्याचा हक्क, विकण्याचा नव्हे. गावाने वापरावे आणि सरकारने विकावे, अशी ही वाटणी होती. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच्या क्षेत्रापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल आहे, म्हणजे जिल्ह्याची मुख्य संपत्ती रहिवाशांना विकता येत नव्हती.

या मक्तेदारीचे समर्थन शास्त्राच्या नावाने केले जाई. जंगल शास्त्रीय पद्धतीने राखायचे तर प्रशिक्षित अधिकारी हवेत, दहा-दहा वर्षांच्या कार्य आयोजना हव्यात, आणि अडाणी गावकऱ्यांपासून ते वाचवायला हवे, असा हा युक्तिवाद. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्याच आहेत. तोडीचे चक्र, बेटांची मोजणी, पुनरुत्पादनाचा अंदाज यांशिवाय जंगल टिकत नाही. चूक झाली ती खात्याचा हुकूम म्हणजेच शास्त्र, असे मानण्यात.

या चुकीचे सर्वांत बोलके उदाहरण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले आहे. तिथे कागद कारखान्यासाठी बांबूची तोड चाले आणि बेटे वेगाने खालावत होती. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे होते. ते साफ केले म्हणजे गर्दी कमी होऊन बेट फोफावेल, अशी वनखात्याची समजूत होती आणि तसा नियमच होता. गावकरी उलट सांगत होते. काटे काढू नका, गुरे आणि रानजनावरे कोंब खातात, काटे आहेत म्हणून कोंब वाचतो, असे त्यांचे म्हणणे. माधव गाडगीळ आणि एस. एन. प्रसाद यांनी प्रत्यक्ष बेटांवर मोजणी केली तेव्हा गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. ‘शास्त्रीय’ सफाईनेच कोंबांचा नाश होत होता. विज्ञान म्हणतात ते या मोजणीला. कोण बोलतो हे तिथे गौण असते, बेटात किती कोंब वाचले हे महत्त्वाचे. तपासणीला नकार देणारी श्रद्धा देवळात असते तशी ती सरकारी परिपत्रकातही असू शकते.

चंद्रपूरच्या बांबूचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते बल्लारपूरचा कागद कारखाना. थापर समूहाचा हा कारखाना १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा. त्याला सरकारकडून दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू मिळत गेला. एकच विकणारा आणि एकच मोठा घेणारा, दोघांत ठरलेला भाव, आणि तोडणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी, अशी ही रचना. अशा सौद्यात भाव किती खाली जातो याचा दाखला पुन्हा कर्नाटकचाच. दांडेलीच्या कारखान्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीस बांबू दिला गेला तो टनाला दीड रुपया दराने. त्याच काळात बाजारातून बांबू विकत घेणारे बुरूड त्याच्या कितीतरी पट किंमत मोजत होते. सूप, टोपली, तट्टे, कणग्या विणून जगणाऱ्याला महाग आणि कारखान्याला जवळजवळ फुकट, हा भाव कोणत्याही बाजाराने ठरवलेला नव्हता, सरकारने ठरवला होता. फुकट मिळालेला माल कोणी जपून वापरत नाही. बेटे उजाड झाली यामागे नफ्याची हाव होतीच, पण तिला वाट करून दिली ती दडपलेल्या भावाने.

शेतमालाच्या बाबतीत हाच विचार महाराष्ट्रात शरद जोशी यांनी मांडला. शेतकऱ्याचे दारिद्र्य आळसातून किंवा अज्ञानातून येत नाही, सरकारने भाव पाडून ठेवल्याने येते, असे त्यांच्या शेतकरी संघटनेचे सांगणे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याचे वामनराव चटप हे या संघटनेचे आमदार झाले. कापसाच्या एकाधिकार खरेदीविरुद्ध विदर्भात रान उठले, पण वनोपजाची एकाधिकारशाही त्या वादळात जवळपास बाजूला राहिली. कापूस शेतकऱ्याच्या मालकीचा आहे हे तरी कोणी नाकारत नव्हते. बांबूत मालकीच वादाची होती, आणि ज्याची मालकी मान्य नाही त्याला भाव मागताच येत नाही.

मालकीचा प्रश्न सुटला तो धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावातून. १९८० च्या दशकापासून देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, तसेच चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे अभ्यासगट चालवले. गावकरी आठवड्याच्या आठवड्याला बसत, एखादा विषय घेत, कायदा वाचत, बाहेरच्या जाणकाराला बोलावून शंका विचारत. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. १९९० च्या सुमारास गावाने कागद कारखान्याची तोड आपल्या जंगलात होऊ दिली नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली तिच्यात बांबूचे नाव स्पष्ट घातले, आणि गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा मालकी हक्क वनात राहणाऱ्यांना दिला. १९२७ चा कायदा तेव्हा बांबूला झाड म्हणत होता आणि २००६ चा कायदा गौण वनोपज, अशी दोन कायद्यांची गाठ पडली. मेंढ्याला ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वनखाते वाहतूक परवाना देईना. जंगलातला माल या परवान्याशिवाय रस्त्यावर आला की चोरीचा ठरतो. हक्क आहे पण परवाना नाही, म्हणजे वस्तू तुमची पण दाराबाहेर नेता येत नाही, असा हा पेच. ग्रामसभेने बांबू विकून हा पेच उघड केला. गिऱ्हाइकाने पैसे मोजले, बांबू मात्र परवान्याअभावी जागचा हलला नाही.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज मानावे असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सप्टेंबर २०१२ च्या नियमदुरुस्तीने हा परवाना देण्याचा अधिकार सगळीकडच्या ग्रामसभांच्या समित्यांना मिळाला. मेंढ्याच्या बांबूविक्रीतून काही हंगामांतच कोटी रुपयांच्या पुढची रक्कम उभी राहिली.

विक्रीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. तोड पावसाळा सरल्यावर सुरू होते, कारण पावसात कोंब निघतात आणि बेटात पाय घातला तरी ते मोडतात. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू राखायचा. तोडायचा तो जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगत, म्हणजे उरलेल्या बुंध्यात पाणी साचून कंद कुजत नाही. बेटात काही पक्व बांबू आधाराला ठेवायचे, नाहीतर वाऱ्याने कोवळे लोळतात. जंगलाचे भाग पाडून एका वर्षी एकच भाग तोडायचा. तोडलेला माल लांबी-जाडीप्रमाणे लावायचा, निविदा मागवायच्या, आलेले देकार ग्रामसभेत सर्वांसमोर उघडायचे. मजुरी बँकेत, विक्रीची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात. कारखाना हे तेव्हा अनेक गिऱ्हाइकांपैकी एक होते. केळीबागांना आणि टोमॅटोला आधार लागतो, मांडववाल्यांना लांब काठी लागते, बुरडाला कोवळा लवचीक बांबू लागतो, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. बाजार खुला झाला म्हणजे नेमके हेच झाले की एकाच ढिगाला चार किमती आल्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. हा खुला बाजार एकेकट्या खासगी मालकांचा नाही. जंगलाची मालकी सामूहिक आहे. २०१३ साली तर मेंढ्याने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. सामूहिक मालकी आणि खुली विक्री यांत विरोध असलाच पाहिजे, ही पुस्तकी समजूत इथे लागू पडत नाही. बाजाराला हवा असतो तो निश्चित मालक, ज्याला ‘विकत नाही’ म्हणता येते. तो माणूस असो की गाव.

तेंदूपानांची कहाणी याहून खडतर आहे. १९६९ च्या महाराष्ट्र कायद्याने तेंदूपानांचा व्यापार सरकारी मक्तेदारीत आला. जंगलाचे घटक पाडायचे, प्रत्येकाचा लिलाव करायचा, ठेकेदाराने मजूर लावायचे, सरकारने स्वामित्वशुल्क घ्यायचे. हंगाम मेचा. त्याआधी खुटकटाई होते, म्हणजे झुडपे छाटतात, त्यामुळे नवी पालवी मऊ आणि मोठी येते. पहाटे अख्खे कुटुंब रानात जाते आणि दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. संध्याकाळी हे पुडे फळीवर मोजून द्यायचे. वर्षातला रोख पैसा बहुतांशी या दोन-तीन आठवड्यांत येतो. १९८० नंतर गडचिरोलीत शिरलेल्या नक्षलवाद्यांनी मजुरीच्या दरावरूनच पाय रोवले आणि ठेकेदारांकडून खंडणीही वसूल केली. सरकारी मक्तेदारी, ठेकेदारांची साखळी आणि बंदुकीचा कर, या तिन्हींचा भार शेवटी एका पुड्यावर पडे.

२०१३ पासून अनेक ग्रामसभांनी नागपूरच्या ‘विदर्भ नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी’सारख्या संस्थांच्या मदतीने स्वतः निविदा काढायला सुरुवात केली. मजुरीबरोबर स्वामित्वशुल्काचीही रक्कम गावात राहू लागली. २०१७ च्या हंगामात दर फार चढले, २०१८ ला तितक्याच जोरात कोसळले. मधल्या काळात वस्तू व सेवा कर आला होता आणि तेंदूपानांवर तो १८ टक्के होता. काही ठेकेदारांनी करार करून पैसे थकवले. खुल्या बाजारात भाव पडतात आणि फसवणूकही होते, हे गावांना फार जवळून दिसले. त्यावर अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन महासंघ केले, अनामत रक्कम आधी घेण्याची अट घातली आणि करारनामे वाचून घ्यायला सुरुवात केली. पुन्हा सरकारी घटकात जाण्याचा पर्याय कायद्याने खुला आहे आणि काहींनी तो घेतलाही. पण ज्यांनी एकदा आपला लिलाव आपण केला, त्यांना भाव कसा ठरतो हे कळले, आणि हे ज्ञान परत घेता येत नाही.

फुल्यांच्या जोडीतला धर्माचा प्रश्न या जिल्ह्यांत दोन अगदी वेगळ्या रूपांनी समोर येतो. एक रूप भीतीचे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा अशाच घटनांसाठी आहे. इथे राज्यसत्तेचे नियंत्रण कमी नव्हे, तर अधिक तत्पर हवे. माणसाच्या देहाला आणि प्रतिष्ठेला धर्माच्या किंवा गावाच्या नावाने हात लागतो तेव्हा ग्रामसभेची सर्वसहमतीही प्रमाण मानता येत नाही. विवेकाचा आग्रह गावाबाहेरच्या सत्तेपुरता ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरे रूप आपलेपणाचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींना दवाखाना कसा हवा हे विचारून तो त्यांच्या गावाच्या धर्तीवर बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. देवीच्या नावाच्या या दवाखान्यातून जे संशोधन निघाले ते मात्र निखळ मोजणीचे होते. ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी गावातल्याच बायकांना शिकवले आणि तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली. बाळाचे वजन, ताप, श्वास यांची नोंद या आरोग्यदूत ठेवत आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. ते काम तोवर फक्त डॉक्टरांचे मानले जाई. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले गेले. देवीचे नाव तपासणीच्या आड आले नाही, आणि इंजेक्शन कोणी द्यावे याबद्दलची वैद्यकीय रूढी मात्र मोजणीपुढे टिकली नाही.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने आणखी वेगळी वाट धरली. २०१२ साली सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर हे गाव बांबू विकू लागले, गावात बारमाही रोजगार आला आणि कामासाठी बाहेर जाणारे थांबले. तेंदू मात्र तोडायचा नाही असे ग्रामसभेने ठरवले. पानांसाठी झुडपे छाटली जातात, त्यांना फळ धरत नाही, चांगली पालवी यावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात आणि त्या आगीत बांबूचे कोंबही जळतात, असा त्यांचा हिशेब होता. हातचा रोख पैसा सोडून देणारा हा निर्णय ना सरकारने लादला, ना कोणत्या देवाने सांगितला. बांबूचे उत्पन्न आणि तेंदूची किंमत दोन्ही आता गावाच्या खात्यात मोजली जात होती, म्हणून तो घेता आला.

२०१७ साली केंद्र सरकारने १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. त्याचा लाभ झाला तो वनक्षेत्राबाहेर, शेतात आणि बांधावर लावलेल्या बांबूला. शेतकरी तो परवान्याशिवाय तोडू आणि विकू शकतो. जंगलातल्या बांबूची स्थिती मात्र जागेगणिक बदलते. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेचा परवाना चालतो. राखीव वनात वनखात्याची कार्य आयोजना लागू आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाकडे सोपवलेल्या जंगलांत अनेक गावांचे हक्काचे दावे आणि महामंडळाची तोड एकाच जागेवर येतात, आणि हे वाद उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांपुढे जातात. मानवेलाला साधारण चाळीसेक वर्षांच्या अंतराने सामूहिक फुलोरा येतो, त्यानंतर अख्खी बेटे वाळतात आणि बियांतून नवी बेटे तयार होऊन तोडीला येईपर्यंत बरीच वर्षे जातात. त्या मधल्या वर्षांसाठी रोपवन, चराईबंदी आणि राखीव निधी यांची तरतूद ज्या ग्रामसभांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात केली आहे, त्यांच्याकडे विक्रीचा काही हिस्सा दरवर्षी त्यासाठी बाजूला काढला जातो.